मेंदू व डोळा यांची घडण आणि मातेच्या माथी मारलेला दोष

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पुणे येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी एखाद्या विद्वान वक्त्याचे विचार आपणांस ऐकावयास मिळतात. यंदा चिटणिसांनी हा मान आमच्यासारख्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकास दिला, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. त्या शिदोरीवर व शिक्षक-प्रशिक्षणाच्या बळावर आम्ही छत्तीस वर्षे मुलांस शिकविले. आज ज्या विषयावर आम्ही बोलणार आहोत, तो आहे जीवशास्त्राचा. त्यात आमचा अधिकार काडीइतकाही नाही. आमची पुतणी प्राणिशास्त्र शिकली आहे. गेले वर्षभर तिने आम्हांस हाताशी धरून हा विषय शिकविला. यात जे बरोबर असेल ते तिचे, जे चुकले असेल ते आमचे, असे समजून आपण ऐकावे ही विनंती.

अधिकार नसता हा विषय का निवडला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, एका माउलीचे देणे आमच्या अंगावर पंचेचाळीस वर्षांपासून आहे. ते फेडण्यास आता उशीर झाला. निदान ते कबूल तरी करावे, एवढ्याचसाठी आज आपणांपुढे उभे आहोत.

आम्ही त्या काळी शहरातील एका जुन्या वाड्यात बिऱ्हाड करून राहत होतो. वाड्यात बारा बिऱ्हाडे, एक नळ व एक चौक. आमच्या समोरच्या बिऱ्हाडातील सून पहिलटकरीण होती. १९८० साली १६ फेब्रुवारीस, शनिवारी, सूर्यग्रहण लागले. खग्रास पट्टा कर्नाटकातून गेला. पुण्यास ते खंडग्रास दिसले. त्या दिवशी दुपारी रस्ते ओस पडले होते, हे आपणांपैकी वडीलधाऱ्यांस आठवत असेल. गर्भवतीने ग्रहणात काही चिरू नये, कापू नये, हा दंडक आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या मुलीने मात्र त्या दुपारी विळीवर भाजी चिरली. सासूस ताप आला होता, घरात करणारे दुसरे कोणी नव्हते, आणि पुरुषमाणसे ग्रहण सुटताच जेवावयास बसणार होती, म्हणून चिरली.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती बाळंत झाली. मुलगी झाली, दिवस पुरे भरलेली, अंगाने चांगली. परंतु तिच्या पापण्यांआड डोळे नव्हते. जे होते ते अगदी लहान, खुरटलेले, उजेड न जाणणारे. डॉक्टरांनी उपाय नाही म्हणून सांगितले. मग वाड्यात विळीची गोष्ट निघाली. ग्रहणात भाजी चिरली म्हणून मुलीचे डोळे गेले, असा निवाडा नळावर झाला, चौकात झाला, आणि शेवटी घरातही झाला. त्या मुलीच्या सासऱ्यांनी आम्हांस बोलावून विचारले, “गुरुजी, तुम्ही शिकलेले, तुम्हांला काय वाटते?” आम्ही तेव्हा नोकरीस नुकतेच लागलेले, विशीतले. डोळ्याची आकृती फळ्यावर काढून बुबुळ, भिंग, पडदा अशी नावे मुलांकडून घोकून घेत होतो. त्या घरात दाराआड ती बाळंतीण उभी होती, हे आम्हांस दिसत होते. आम्ही म्हणालो, “वडीलधारी माणसे म्हणतात त्यात काहीतरी असेलच.” एवढे बोलून आम्ही उठलो.

त्या वाक्याने आम्ही काय केले, ते आम्हांस पुढे दिसत राहिले. तिला वर्षभर माहेरी ठेवण्यात आले. परत आणल्यावरही ती त्या घरात अपराध्यासारखी वागली. पुढे जेव्हा जेव्हा ग्रहण लागे, तेव्हा तेव्हा ती दार लावून, अन्नपाणी वर्ज्य करून अंधारात बसे. पोटात गर्भ नसतानाही बसे. हे तिचे प्रायश्चित्त होते. तिला पुढे आणखी एक मुलगी झाली. दोन्ही डोळ्यांनी धडधाकट. तिच्या लग्नाच्या वेळी तीन ठिकाणी जुळलेले मोडले, कारण ती आंधळीची बहीण. ती स्थळे आपल्याच ज्ञातीतील होती, हेही सांगितले पाहिजे.

आता आम्ही शास्त्राकडे वळतो.

मनुष्याचा जन्म एका पेशीपासून होतो. त्या एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार, अशा वाढत वाढत असंख्य पेशी होतात. नवल हे की, त्या सर्वांस वारसा एकच मिळालेला असतो. जी आज्ञांची पोथी यकृताच्या पेशीजवळ, तीच डोळ्याच्या पेशीजवळ, तीच मेंदूच्या पेशीजवळ. या पोथीतील एकेका आज्ञेस जनुक म्हणतात. मग पोथी एक असता एका पेशीने डोळा व्हावे व दुसरीने यकृत व्हावे, हे ठरते कसे? ज्या शास्त्रात या प्रश्नाचा विचार होतो, त्यास विकासजीवशास्त्र असे नाव आहे.

गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच्या पाठीवर पेशींची एक पट्टी तयार होते. तिच्या कडा वर उचलल्या जातात व एकमेकींस मिळून तिची नळी बनते. करंजीची कड जशी दुमडून मिटवितात, तसे हे समजावे. ही नळी सुमारे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत दोन्ही टोकांस मिटते. तिच्या वरच्या भागाचा मेंदू होतो व खालच्या भागाचा मज्जारज्जू. आणि डोळा? तो स्वतंत्रपणे कोठून येत नाही. गर्भाच्या सुमारे बाविसाव्या दिवशी, नळी पुरती मिटण्याच्या आधीच, तिच्या वरच्या टोकाशी दोन बाजूंस दोन लहान खळगे दिसू लागतात. ते बाहेर फुगतात, फुग्याचा पेला होतो, आणि त्या पेल्यापासून डोळ्याच्या आतील पडदा तयार होतो. म्हणजे डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच फुटवा होय. भिंग मात्र वरच्या त्वचेपासून बनते, आणि तेही मेंदूकडून आलेला पेला जवळ येऊन जणू सांगतो तेव्हा. जर्मन शास्त्रज्ञ हान्स स्पेमान यांनी १९०१ साली बेडकाच्या गर्भातून हा पेला काढून टाकला, तेव्हा त्या बाजूस भिंग तयार झालेच नाही.

याच स्पेमान यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड. तिने पाणसरड्यासारख्या एका उभयचर प्राण्याच्या गर्भातील एक बारीकसा तुकडा काढून दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडील भागात बसविला. त्या ठिकाणी दुसरा गर्भ वाढू लागला, त्याचा स्वतःचा मज्जारज्जू असलेला. तो बव्हंशी यजमान गर्भाच्याच पेशींपासून झाला होता. पाहुण्या तुकड्याने केवळ हुकूम दिला होता. अशा हुकूम देणाऱ्या पेशीसमूहास शास्त्रज्ञांनी ‘संघटक’ म्हटले. हे संशोधन १९२४ साली प्रसिद्ध झाले व त्याच वर्षी ही मुलगी घरातील अपघातात भाजून मरण पावली. तेव्हा ती अवघी पंचवीस वर्षांची होती. १९३५ साली स्पेमान यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

ही विद्या परदेशातच राहिली असे कोणी समजू नये. आपल्या पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. तेथील प्राणिशास्त्र विभागात प्रा. लीला मुल्हेरकर यांनी हा विषय रुजविला. त्या एडिंबरो येथे वॉडिंग्टन या नामवंत शास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकून आल्या होत्या. कोंबडीचे अंडे फोडून त्यातील गर्भ काचेच्या बशीत वाढवावयाचा व त्याची घडण डोळ्यांनी पाहावयाची, असे शिक्षण येथे विद्यार्थ्यांच्या पिढ्यांस मिळाले. आघारकर संशोधन संस्था ही १९४६ साली स्थापन झालेली संस्थाही आपल्याच गावात आहे. तेथे सुरेंद्र घासकडबी यांनी हायड्रा या गोड्या पाण्यातील इवल्याशा प्राण्यावर दीर्घकाळ संशोधन केले. हायड्राचे डोके कापले तर नवे डोके येते. ते कोणत्या आज्ञांनी येते, हे शोधणे म्हणजे घडणीचे मूळ व्याकरण शोधणे होय.

परंतु आज ज्यांच्या कार्याविषयी मुख्यतः सांगावयाचे आहे, त्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ डॉ. शुभा टोळे. त्यांचा जन्म १९६७ सालचा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकून त्या अमेरिकेत कॅलिफोर्नियात गेल्या, तेथे डॉक्टर झाल्या, पुढे शिकागो विद्यापीठात संशोधन केले, आणि १९९९ साली मायदेशी येऊन टाटा संस्थेत रुजू झाल्या. कथक नृत्याचेही त्यांनी शिक्षण घेतले आहे. २०१० साली भटनागर पुरस्कार व २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार त्यांस मिळाला. त्या कोणत्या ज्ञातीच्या, हे आम्ही पाहिले नाही. पाहण्याचे कारणही नाही.

गर्भातील मेंदू कसा आखला जातो, हा त्यांचा विषय. त्यांनी ज्या जनुकांचा अभ्यास केला, त्यांपैकी एकाचे नाव एलएचएक्स-२ असे आहे. हे जनुक स्वतः काही बांधीत नाही. ते इतर जनुकांस चालू वा बंद करते. कार्यालयात जसा मुकादम असतो, स्वतः फावडे न धरणारा परंतु कामास कोणी लागावे व कोणी थांबावे हे सांगणारा, तसा त्याचा अधिकार. याच कुळातले जनुक फळमाशीत पंखांची घडण करते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसाचे हे जनुक माशीत घातले, तेव्हा त्याने माशीच्या जनुकाचे काम निभावले. माशी आणि माणूस यांच्यात एवढे अंतर असूनही हुकुमाची भाषा एक राहिली, ही किती विस्मयाची गोष्ट!

उंदराच्या गर्भात हे जनुक मुळीच नसेल तर काय होते, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९९७ साली दाखविले होते. त्या गर्भात डोळे झालेच नाहीत व मेंदूचा पुढचा भागही नीट वाढला नाही. परंतु नुसते ‘नसले तर बिघडते’ एवढ्याने प्रश्न सुटत नाही. घड्याळातील एक चाक काढले की घड्याळ बंद पडते. त्यावरून ते चाक काय करीत होते हे कळत नाही. ते कळावे म्हणून टोळे व त्यांचे सहकारी यांनी काय केले, ते ऐकावे.

पहिले संशोधन मेंदूचे, २००८ साली प्रसिद्ध झालेले. आपल्या मेंदूवर सुरकुतलेले जे आवरण असते, ते विचाराचे व समजुतीचे स्थान. त्याच्या कडेस एक भाग असतो, ज्यास हिप्पोकॅम्पस म्हणतात. नव्या आठवणी तेथे साठू लागतात. गर्भावस्थेत या भागास ‘तू हिप्पोकॅम्पस हो’ असा हुकूम शेजारची एक अरुंद पट्टी देते. ती येथील संघटक. टोळे यांच्या गटाने असे उंदीर तयार केले, ज्यांच्या मेंदूतील काही ठिपक्यांपुरते हे जनुक नाही व भोवताली आहे. तेव्हा त्या ठिपक्यांतील पेशी आवरण होण्याचे सोडून स्वतःच संघटक बनल्या. त्यांनी शेजारच्या निरोगी पेशींस हुकूम सोडला, आणि जेथे हिप्पोकॅम्पस नसावयाचा तेथे त्याचे ऊतक उभे राहिले. म्हणजे हिल्डे मांगोल्डने १९२४ साली उभयचराच्या पोटाशी जे पाहिले, तेच येथे सस्तन प्राण्याच्या मेंदूत दिसले. आणि या जनुकाचे काम कळून आले: ‘तू आवरण हो’ असे सांगणे, व त्याबरोबरच ‘तू संघटक होऊ नकोस’ असे आवरून धरणे.

दुसरे संशोधन डोळ्याचे, २०१३ सालचे. येथे त्यांनी हे जनुक उंदराच्या गर्भातून एकदम न काढता, घडणीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर काढले. आरंभीच काढले, तेव्हा डोळ्याचा फुगा भलत्या जागी निघाल्यासारखा झाला. थोडे नंतर काढले, तेव्हा फुगा जागेवर आला परंतु त्याचा पेला होईना. त्याहून नंतर काढले, तेव्हा पेला झाला परंतु आतील पडदा विद्रूप झाला. जितका काळ ते जनुक काम करीत राहिले, तितकी डोळ्याची घडण पुढे गेली. आणि प्रत्येक टप्प्यावर, जनुक जाताच, डोळ्याच्या पेशींत मेंदूच्या शेजारच्या दुसऱ्या भागांच्या खुणा उमटू लागल्या. जणू आपण डोळा आहोत हे त्या विसरल्या!

शेतकरी कुटुंबातील मंडळींस आम्ही एक दृष्टांत देतो. रात्री पिकास पाणी देताना दारे धरणारा गडी लागतो. एकदा बांध फोडून पाणी वाफ्यात सोडले म्हणजे काम झाले, असे होत नाही. त्यास जागेच राहावे लागते. तो पेंगला की पाणी आपल्या उताराने शेजारच्या वाफ्यात शिरते. एलएचएक्स-२ हे असे दारे धरणारे जनुक आहे. डोळ्याने डोळा व्हावयाचे हे एकदा ठरून भागत नाही. ते पुनःपुन्हा राखावे लागते.

उंदरावरील हे निष्कर्ष जसेच्या तसे माणसास लावू नयेत, हे आमच्या पुतणीने आम्हांस बजावले आहे. परंतु माणसाच्या डोळ्याविषयीही अन्य शास्त्रज्ञांनी बरेच शोधले आहे. पॅक्स-६ नावाच्या जनुकात दोष आला तर बुबुळातील रंगीत पडदा न होता मूल जन्मते. सॉक्स-२ नावाच्या जनुकात दोष आला तर डोळे अतिशय लहान होतात वा होतच नाहीत. हे २००३ साली कळून आले. यातील एक गोष्ट प्रत्येक गृहस्थाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सॉक्स-२ मधील दोष पुष्कळदा आईकडून आलेला नसतो व बापाकडूनही आलेला नसतो. तो नव्यानेच उत्पन्न झालेला असतो. पोथीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून एक अक्षर चुकावे, तसा तो प्रकार. त्यात कोणाचे पाप नाही, कोणाचा प्रमाद नाही.

आता आम्ही पुन्हा त्या वाड्यात जातो. पुतणीने आम्हांस बाविसाव्या दिवसाची गोष्ट सांगितली, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आम्ही उठून कागदावर हिशेब मांडला. मूल मेच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण दिवसांनी जन्मले. तेव्हा गर्भ राहिला तो आदल्या वर्षी ऑगस्टच्या पूर्वार्धात. त्यात बावीस दिवस मिळविले की येतो ऑगस्टचा शेवट वा सप्टेंबरचा आरंभ. म्हणजे १९७९ सालच्या गणपतीच्या सुमारास त्या मुलीचे डोळे घडावयास लागले, आणि पुढील काही आठवड्यांतच ती घडण अडली. त्या वेळी घरात दिवस गेल्याची वार्ताही धड कोणास नसेल. ग्रहण लागले फेब्रुवारीत, सहावा महिना सरताना. जे डोळे पाच महिन्यांपूर्वीच खुरटले होते, ते त्या दुपारच्या विळीने कसे जावेत? तो हिशेब एवढा सोपा होता की, आमच्या चौथीतील मुलानेही तो केला असता. परंतु तो मांडण्यास जे एक वाक्य ठाऊक असावयास हवे होते, ते आम्ही कधी शोधले नाही. मेंदू व डोळा केव्हा घडतात हे तेव्हाही पुस्तकांत होते. अज्ञानाबद्दल आम्ही स्वतःस क्षमा करू. विचारले असता न शोधता उत्तर दिले, याबद्दल नाही.

ग्रहणात स्नान करावे, जप करावा, दान द्यावे, यास आमचा विरोध नाही. ज्याची जशी श्रद्धा. आमचे म्हणणे एवढेच की, श्रद्धेचे शस्त्र करून ते बाळंतिणीवर उगारू नये.

मग गर्भाच्या घडणीत आपल्या हाती काहीच नाही काय? आहे, आणि ते विळीपेक्षा निराळे आहे.

मेंदूची नळी अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते, हे आम्ही सांगितले. ती मिटली नाही तर मूल पाठीवर उघडी गाठ घेऊन जन्मते वा जगतच नाही. फॉलिक आम्ल नावाचे एक जीवनसत्त्व आहे. ज्यांस पूर्वी असे मूल झाले होते अशा स्त्रियांस ते गर्भधारणेपूर्वीपासून दिले असता, हा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसून आले. सर्वसाधारण स्त्रीस रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरते. परंतु दिवस गेल्याचे कळल्यावर गोळी सुरू केली तर पुष्कळदा नळी मिटण्याचा काळ उलटून गेलेला असतो. म्हणून डॉक्टरांस विचारून ती आधीच सुरू केली पाहिजे. लग्नात सुनेस साडीचोळी देतो, तेव्हा हा सल्लाही द्यावा.

दुसरी गोष्ट रुबेला या गोवरासारख्या आजाराची. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी दाखविले की, आरंभीच्या महिन्यांत मातेस हा आजार झाला तर मूल मोतीबिंदू घेऊन जन्मते. यावर लस आहे, व ती आपल्या पुण्यातच हडपसर येथे मोठ्या प्रमाणावर तयार होते. २०१७ पासून सरकारने गोवर-रुबेला लसीची मोहीम देशात काढली, व २०१८ च्या नोव्हेंबरात ती महाराष्ट्रातील शाळांत आली. त्या वेळी अफवांमुळे मुलांस घरी ठेवणारे पालक आम्ही पाहिले आहेत. आपण तसे करू नये.

तिसरी गोष्ट सांगताना आम्हांस संकोच होतो, कारण ती या मंडळाच्या अंगणातली आहे. काही दोष असे असतात की, आई व बाप या दोघांकडूनही तेच सदोष जनुक आले तरच मुलात प्रकट होतात. सख्ख्या आते-मामे भावंडांत वारशाचा सुमारे आठवा हिस्सा समान असतो. मामाची मुलगी करण्याची आपली रीत जुनी व प्रेमाची आहे. परंतु अशा विवाहात हे दोष जुळून येण्याचा संभव वाढतो. जेथे लहानशा ज्ञातीत पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच सोयरिकी होतात, तेथेही थोड्याफार प्रमाणात तेच. यावर उपाय लपवाछपवी नव्हे. जाणत्या डॉक्टरांस घराण्याचा इतिहास मोकळेपणे सांगून सल्ला घेणे हा उपाय होय. पत्रिकेतील गुण आपण जुळवितो. तेथे एक दिवस या सल्ल्यासही द्यावा.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, आपल्या वधूवर सूचक पुस्तिकेच्या पहिल्या पानावर असे छापावे की, भावंडाच्या अंधत्वावरून वा अपंगत्वावरून कोणाचे स्थळ वैद्यकीय सल्ल्याविना नाकारू नये. दुसरी, फॉलिक आम्ल व रुबेला यांची माहिती सोप्या मराठीत छापून प्रत्येक नवपरिणीत जोडप्यास मंडळाने द्यावी. त्याचा पहिल्या वर्षाचा छपाई-खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. तिसरी, जीवशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या एका मुलीस मंडळाने दरवर्षी शिष्यवृत्ती द्यावी. हिल्डे मांगोल्ड, लीला मुल्हेरकर, शुभा टोळे ही नावे आम्ही आज घेतली. आपल्या घरातील जी मुलगी आज परातीत कणीक मळीत आहे, तिच्या ठायीही असे काही असू शकेल. पाणी त्या वाफ्याकडे वळविणारा गडी मात्र जागा हवा.

शेवटी एक सांगून आम्ही रजा घेतो. ती डोळे नसलेली मुलगी पुण्यातच ब्रेल शिकली, पदवीपर्यंत गेली, व आज नोकरी करून स्वतःच्या पायावर उभी आहे. तिच्या आईस वारून चार वर्षे झाली. हिशेब मांडला त्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो व सारे तिला सांगितले. आम्ही तेव्हा तिच्या आजोबांस काय म्हणालो होतो, तेही सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग दिवस मोजून पाहिले, बोटांवर, दोनदा. नंतर म्हणाली, “गुरुजी, मला कधी आईचा दोष वाटलाच नव्हता. हे आईला सांगायला हवे होते.”

त्यावर आम्हांजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. परंतु या सभागृहात अशी एखादी आई बसलेली असेल. तिच्यासाठी हे भाषण आहे. माउली, तुझ्या हातून काही घडलेले नाही. आणि जे आपण सारे तिच्या भोवती आहोत, त्यांनी आज घरी गेल्यावर तिला तसे स्वतःच्या तोंडाने सांगावे.